आफ्रिकेला निघालेले मुद्रक

बोटांची शाई रॉकेलच्या चिंधीने पुसली की ते भिंतीवरच्या आफ्रिकेच्या नकाशापुढे उभे राहत आणि म्हणत, "मले कोन्या जनावराले मारायचं नाही. पाह्याचं आहे फक्त."

अकोल्यातल्या एका बोळात त्यांचा पायाने चालवायचा छापखाना होता. मालक तेच, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे तेच. सारे त्यांना मामा म्हणत. असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याचं ऐकून घेणारं सहसा कोणी नसतं.

आम्ही छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या घरांतली पोरं. गावोगावच्या विहिरी आम्हाला बंद होत्या, त्यावर आम्ही पत्रकं काढत होतो. ती छापायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

मामांचे मेहुणे नैरोबीला रेल्वेत कारकून होते. त्यांच्या पत्रांवरून मामांनी अख्खी सहल आखून ठेवली होती. मुंबईहून बोटीने मोंबासा, तिथून आगगाडी. ती राखीव रानातून जाते, म्हणून पहाटे कोणत्या खिडकीशी बसायचं तेही ठरलेलं. नैरोबीच्या रानात मोटारीतून उतरायचं नाही आणि जनावराला हाक मारायची नाही. हे दुसरं मामींनी मुद्दाम लिहून घ्यायला लावलं होतं, कारण चिखलदऱ्याच्या वाटेवर मामांनी एका सांबराला "ये बापू" म्हणून पळवून लावलं होतं.

मला संताप यायचा. इथे माणसांना पाणी भरू देत नाहीत आणि तुम्ही सिंहांच्या पाणवठ्याच्या वेळा लिहून घेता, असं मी एकदा तोंडावर बोललो. मामांनी मान वर केली नाही. "तिथं येकाच डबक्यावर सारे पेतात म्हने. पाहून येतो, मंग तुह्या पत्रकात टाकू."

मामांनी पासपोर्टसाठी अर्ज केला, त्याच आठवड्यात मी विहीर बंद करणाऱ्या एका पाटलाविरुद्धचं पत्रक घेऊन गेलो. पत्रकाखाली मुद्रकाचं नाव घालावं लागतं, आणि पासपोर्टसाठी मामांची पोलीस चौकशी व्हायची होती. मामी कधी मध्ये बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या, "कावून रे भाऊ, चौकशी होईस्तोर दम नाही का तुले?"

विहीर थांबणार आहे का, असं मी विचारलं. मग मलाच कसंतरी वाटलं आणि म्हणालो, या वेळी नाव गाळा.

"बिननावाचा कागद माह्या मशीनवर चढत नाही," मामा म्हणाले, आणि नाव जुळवायला बसले.

चौकशीला आलेल्या जमादाराच्या हातात आमची पाच पत्रकं होती. सर्वांत वर ते पाटलाचं. काही महिन्यांनी नकाराचं पत्र आलं. कारण दिलेलं नव्हतं.

मी गेलो तेव्हा मामा मशीनला तेल घालत होते. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "मजकूर आनला का?" आणला होता. लाज वाटली, तरी दिला. तेव्हापासून मी किती पत्रकं लिहिली ते आता आठवत नाही. ती विहीर अजून बंद आहे.

मामा गेले त्या वर्षी आम्ही शोकसभा ठेवली. हार घालायला फोटो हवा होता. मामांचा एकच फोटो निघाला, पासपोर्टच्या अर्जासाठी काढलेला. मामींनी तो कागदात गुंडाळून आणला होता. अंगात कोणाचा तरी उसना कोट, खांद्यावर सैल, केस पाणी लावून चापून बसवलेले. हसू नका म्हणून फोटोवाल्याने सांगितलं असणार. त्यांना ते जमलेलं नव्हतं.