कंसातलं तळेगाव

माझी मामी आष्टी तालुक्यातल्या तळेगावात राहते. कागदोपत्री त्या गावाचं नाव तळेगाव (श्यामजी पंत) असं कंसासकट लिहितात, कारण तळेगावं पुष्कळ आहेत. आमच्या वर्धा जिल्ह्यातच दुसरं एक आहे. मामा आर्वीला दुकानात नोकरी करतात, शेती मामीच पाहते. गेल्या हंगामात एका सकाळी ती आर्वीला बस बदलून वर्ध्याला आली आणि माझ्या घरी न जाता थेट ऑफिसात येऊन उभी राहिली. हातातल्या पिशवीत सातबारा, आधार, बँकेचं पासबुक, सगळं होतं.

आमची सॉफ्टवेअर कंपनी आठ माणसांची. सरकारी खरेदी केंद्रावर कापूस विकण्याआधी शेतकऱ्याला नाव नोंदवावं लागतं, त्या नोंदणीचा प्रोग्राम आम्ही बनवतो. मामीनं केंद्रावर तीन चकरा मारल्या होत्या. तिथल्या माणसानं शेवटी हात वर केले आणि सांगितलं, सॉफ्टवेअरवाल्यांनाच विचारा.

मी खुर्ची पुढं केली. ती बसली नाही.

"तुया कॉम्प्युटरनं मले गावाबाहेर काढलं म्हन्ते तो," मामी म्हणाली. "मी तं तिथंच राह्यतो न. मंग मायं नाव काऊन नाई दिसून राह्यलं?"

मी शोधलं. नाव होतं, सातबाराही होता, पण ती नोंद कुठल्याच गावाशी जोडलेली नव्हती. आणि का नव्हती, हे मला पाहताक्षणी कळलं. तेच सगळ्यात वाईट होतं.

डेटाबेसमधल्या तक्त्यांची प्रोग्रामशी जुळणी करायला आम्ही एक ओपन सोर्स टूल वापरतो. जगात कुठं कुठं बसलेल्या माणसांनी ते लिहिलंय आणि कोणीही घ्यावं म्हणून खुलं ठेवलंय. त्यात एक खोट होती. गावाच्या नावावरून ओळख तयार करताना ते कंसातला मजकूर गाळून टाकायचं. त्यामुळे दोन तळेगावं एक व्हायची. ही खोट मी वर्षभरापूर्वीच पकडली होती आणि आमच्यापुरती दुरुस्तही केली होती. ती दुरुस्ती टूल बनवणाऱ्यांना परत पाठवायला हवी होती. पण आमच्या साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, बजावलं की बाहेर काही जाता कामा नये, कारण तेच टूल वर्ध्यातलीच दुसरी एक कंपनीही वापरते. ती कंपनी सहकारी सोसायट्यांचे प्रोग्राम करते आणि प्रत्येक निविदेत आमच्यासमोर असते. त्यांना आयतं कशाला द्यायचं, असं साहेबांचं म्हणणं. मी मान डोलावली होती.

मामीची माहिती सोसायटीकडून, म्हणजे त्यांच्या प्रोग्राममधून आमच्याकडं आली होती. तिथलं नाव उघडून पाहिलं तर कंसाच्या जागी आडवी रेघ. म्हणजे त्यांनीही तीच खोट पकडली होती, आपल्या पद्धतीनं दुरुस्त केली होती आणि आमच्यासारखीच दडवून ठेवली होती. त्यांचं तळेगाव आमच्या तळेगावाला ओळखत नव्हतं. दोन्ही ऑफिसांत अंतर किती, तर एक रेल्वे फाटक आणि चार गल्ल्या. आणि माझी मामी केंद्रावर तीन हेलपाटे घालून, वर बस बदलून इथवर आली होती.

मी तिची नोंद तेवढी हातानं जोडून दिली. पण यादी काढली तेव्हा अशी कितीतरी नावं अधांतरी निघाली. त्यांच्या भाच्या काही सॉफ्टवेअर कंपनीत नव्हत्या.

त्या दिवशी मला इतका संताप आला की जेवणाचा डबा तसाच राहिला. साहेबांवर आला, त्याहून जास्त स्वतःवर. मी टूलच्या खुल्या चर्चेच्या पानावर स्वतःच्या नावानं सगळं लिहून टाकलं: खोट काय, आम्ही काय केलं, का लपवलं. तासाभरात उत्तर आलं. ते त्या दुसऱ्या कंपनीतल्या मुख्य प्रोग्रामरचं होतं. त्यानंही लपवाछपवी कबूल केली होती.

ते पान दोन्ही मालक कधी उघडत नव्हते, पण वर्ध्यात भेटलो असतो तर दुपारपर्यंत त्यांना कळलं असतं, म्हणून रविवारी पवनारला भेटलो. धाम नदीकडं जाणाऱ्या रस्त्यावर चहाच्या टपरीशी बाकावर लॅपटॉप उघडून बसलो. तो माझ्याच वयाचा, कारंज्याकडच्या जंगलपट्ट्यातला. त्याच्या घरी गोंडी बोलतात. सुरुवातीला आम्ही दोघंही अवघडलो होतो. मग मी त्याला आमची गावांची यादी दाखवली. तो बराच वेळ खाली-वर करत राहिला.

"तुमच्या गावाले निदान कंस तरी आहे," तो म्हणाला. "आमची वस्ती दोन्हीकडच्या यादीत नाईच."

मी त्याच्याकडून वस्तीचं नाव लिहून घेतलं.

असे चार रविवार आम्ही बसलो. नावावरून गाव ओळखायचंच नाही, सरकारी यादीतल्या क्रमांकावरून ओळखायचं. नाव लोक लिहितात तसंच, कंसासकट ठेवायचं. आणि वस्तीला स्वतंत्र जागा द्यायची, असं ठरलं. टूल सांभाळणाऱ्यांपैकी परदेशातल्या एकानं विचारलं, कंसातला मजकूर इतका महत्त्वाचा का? मी त्याला दोन तळेगावांमधलं अंतर आणि बसच्या वेळा लिहून पाठवल्या. आमची दुरुस्ती मूळ टूलमध्ये घेतली गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. शत्रूच्या माणसाबरोबर नदीकाठी बसून कंपनीची मेहनत वाटली, असा आरोप होता. मी आधी ऐकून घेतलं.

"सर, ज्या टूलवर आपण सहा वर्षं धंदा करतोय, ते कोणाची तरी मेहनतच आहे," मी म्हटलं. "त्यांनी आपल्याला विचारलं नाही की तुम्ही कोणाचे शत्रू."

त्यांनी मला काढलं नाही. माझ्याशिवाय तो प्रोग्राम कोणाला कळत नव्हता, एवढंच त्याचं कारण. तिकडं त्यालाही अशीच तंबी मिळाली. आणि दोन महिन्यांनी, दोन्हीकडची माहिती बिनबोभाट जुळते म्हणून केंद्रांकडून कौतुक यायला लागलं, तेव्हा एका कार्यक्रमात दोन्ही मालक शेजारी उभे राहिले. आमच्या साहेबांनी भाषणात सांगितलं की सहकार्य ही आमची पहिल्यापासूनची भूमिका आहे. मी मागच्या रांगेत होते. तो माझ्या शेजारी होता. आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत.

मामीला मी फोन केला की आता कोणाचंच नाव हरवणार नाही. मला शाबासकी हवी होती बहुतेक. ती शांतपणे म्हणाली, तू नाव जोडलं, पन केंद्रावर मायी पाळी येईस्तोवर कापूस गावातल्याच व्यापाऱ्याले कमी भावात देऊन टाकला, घरात ठेवाले जागा कुठं होती. मग तिनं माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं.

आता दर मंगळवारी आमच्या दोन्ही टीम फोनवर बोलतात, उघडपणे, साहेबांच्या परवानगीनं. गेल्या महिन्यात नागपूरच्या एका कंपनीनं याच टूलबद्दल मदत मागितली. साहेब म्हणाले, थोडे दिवस थांबू दे त्यांना. मी सकाळीच उत्तर पाठवून दिलं होतं.