टर्पेंटाइनच्या तळाशी पाणी

त्या आठवड्यात परत आलेली व्हार्निशची ही तिसरी गाडी. माजिवड्याजवळच्या रंगाच्या कारखान्यात मी केमिस्ट होतो. तक्रार कुणाचीही असो, डबे माझ्याच टेबलावर येत. मी अगदी कंटाळून गेलेलो. व्हार्निश स्वच्छ, पारदर्शक हवं. हे ताकासारखं गढूळ झालं होतं.

गोदामातली पिंपं तपासली. टर्पेंटाइनच्या, म्हणजे व्हार्निश पातळ करायच्या तेलाच्या, तळाशी पाणी निघालं.

मॅनेजरसाहेबांनी गोदाम सांभाळणाऱ्या धर्माला बोलावलं. धर्मा इथलाच आगरी, बापजादे मिठागरावर राबलेले. साहेबांच्या मते त्यानं टर्पेंटाइन विकून पाणी भरलं होतं. शनिवारी त्याला कामावरून काढायचं होतं. "तुम्ही बी.एस्सी. ना? तसा रिपोर्ट द्या लिहून," ते मला म्हणाले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. न तपासता सही करणार नव्हतो.

पाण्याच्या प्रत्येक रेणूत, म्हणजे त्याच्या सर्वांत लहान कणात, ऑक्सिजन हायड्रोजनजवळचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो. त्यामुळे रेणूची एक बाजू किंचित ऋण, दुसरी किंचित धन होते, आणि शेजारचे रेणू एकमेकांना धरून बसतात. टर्पेंटाइनच्या रेणूत ही ओढाताण जवळपास नसते. पाणी त्याला आपल्यात घेत नाही. जड म्हणून खाली बसतं. पॉलिशसाठी लागणाऱ्या स्पिरिटच्या, म्हणजे अल्कोहोलच्या, रेणूला मात्र पाण्यासारखंच एक टोक असतं. त्यात पाणी घातलं तर डोळ्यांना कळणार नाही.

स्पिरिटच्या खोलीची किल्लीही धर्माकडेच होती. बाहेर दारूबंदी, म्हणजे गिऱ्हाइकांना तोटा नाही. मी स्पिरिटची घनता मोजली. बरोबर निघाली, म्हणजे त्यात पाणी नव्हतं; चोरायचंच असतं तर त्यानं आधी हेच चोरलं असतं. मग पिंपांतलं पाणी मोजलं. प्रत्येकात जवळपास सारखंच, तांब्याभर. इतकं नेमानं कोण चोरतं?

"पिंपं धुतोस का रे?" मी धर्माला विचारलं.

"म्हंजे काय सायेब? तुमीच बोललेले, धुतल्याबिगर माल नाय भरायचा. दोन पान्यानं धुतो, उलटा करून ठेवतो."

"मग साहेबांना का नाही सांगितलंस?"

"त्यांनी चोरी केलीस का, इतकाच इचारला. धुतोस का, कुनी इचारलाच नाय."

खरं होतं. रुजू झालो तेव्हा गोदामात सगळ्यांना उभं करून मी स्वच्छतेवर व्याख्यान दिलं होतं, अगदी कॉलेजच्या लॅबसारखं. लॅबमध्ये भांडं धुऊन भट्टीत वाळवतात, तेवढं सांगायचं राहिलं. पिंपाच्या तोंडाची कड आत वळलेली असते. उलटं केलं तरी तांब्याभर पाणी आत राहतंच. माझ्याआधी ही माणसं पिंप नुसतं फडक्यानं पुसत.

रिपोर्टात चूक कुणाची, तिथे मी स्वतःचं नाव लिहिलं. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. धर्मा राहिला. मला नोकरीत कायम करायचं सहा महिने पुढे गेलं.

त्यानंतर धर्मा काठीला फडकं बांधून पिंपात फिरवी आणि ते मला हाताला लावून दाखवल्याशिवाय माल भरत नसे. "कोरडा हाय ना, सायेब?" तो दर वेळी विचारायचा. मीही दर वेळी चाचपून बघायचो.