उलटं वाढलेलं पान

भूत, मुंजा, चकवा... माझा कशावरच विश्वास नाही. सोसायटीच्या ग्रुपवर असले फॉरवर्ड टाकणाऱ्यांची मी मनसोक्त टर उडवतो. त्यामुळे हे लिहिताना, खरं सांगतो, लाज वाटतेय.

माझा मोठा भाऊ कळव्याला राहायचा. मेंदूत, उजव्या बाजूला कॅन्सर. डावा हात-पाय लुळा पडलेला आणि डावीकडचं जगच त्याच्यासाठी पुसलं गेलेलं. ताटातली उजवीकडची भाजी खायचा, डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच. एकदा मी डोंबिवलीहून गेलेलो, त्याच्या डावीकडे बसून तासभर बडबडलो, आणि हा वहिनीला विचारतोय — "बाळ्या आलाच नाही का गं आज?"

स्वतःचा हातही परका. "कुणाचा हात ठेवलायस रे माझ्या मांडीवर? उचल."

"माझाच आहे, राहू दे," मी म्हणायचो. दोघं हसायचो. मग मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचो.

पुढे जेवणच तुटलं. "भाऊजी, दोन घास तरी जाऊ देत पोटात," कामावर निघताना वहिनी म्हणाली, "नाहीतर उद्या नाकात नळी घालणार."

डॉक्टरांनी सांगितलेलं, अर्धं जेवण झालं की ताट फिरवा. मी अतिहुशार, आंबट-तिखटाने तोंडाला चव येईल म्हणून आधीच उलटं वाढलं. चटणी-लोणचं उजवीकडे, भाजी डावीकडे.

दादाने बघितलं. "गाढवा... हे पितरांचं पान! एवढी घाई झालीय तुला?"

आमच्याकडे श्राद्धाला असंच वाढतात. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताट उचलायला वाकलो...

आणि तो लुळा हात हलला. त्याने भात कालवला, लहानसा घास वळला, अंगठ्याने खळगा पाडून त्यात लोणच्याचा खार भरला. असा घास फक्त आमची आई करायची. तीही डाव्याच हाताने — डावखुरी होती. तिला जाऊन बरीच वर्षं झाली.

दादा उजवीकडे, खिडकीबाहेर बघत होता. घास तोंडाशी आला तसा त्याने लहान मुलासारखा आ केला. पाच-सहा घास गेले.

"आई, पुरे," म्हणाला. हात मांडीवर पडला.

डॉक्टर म्हणाले, अशा आजारात हात कधी कधी आपोआप हलतो. हलत असेल. पण तो खळगा?

नंतर रोज दुपारी मी मुद्दाम पान उलटं वाढून बसायचो. हात हलला नाही. मग नळी आली. मग दादाच...

यंदा त्याच्या श्राद्धाला पान मीच वाढलं. हाताला सवय झालेली. पहिल्यांदाच काही चुकलं नाही.