शिवकांताचे मासे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, ज्यांच्याबरोबर तीस वर्षं शिक्षक-खोलीत एका टेबलावर डबा खाल्ला त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर एक शांत, भला, निवृत्त विज्ञान शिक्षक म्हणून ओळखत असाल. हा भलेपणा कसला आहे, ते एकदा लिहून टाकायचंय.

गोष्ट माशांची आहे. बोटाच्या पेराएवढ्या माशांची. मीही स्वतःला वर्षानुवर्षं हेच समजावत आलो — एवढ्याएवढ्याशा माशांचं काय घेऊन बसायचं? पण मासे हा फक्त सुरुवातीचा भाग आहे.

नव्वदचं दशक अर्धं उलटून गेलं होतं. गेवराई तालुक्यातल्या एका मोठ्या गावात, खासगी संस्थेच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होतो. वय तीस. दोन वर्षं भरत आली होती आणि कायम करण्याचा ठराव संस्थेच्या बैठकीत यायचा होता. गावात केबल आली होती, बसस्टँडसमोर एसटीडीचे दोन-दोन बूथ झाले होते, आणि बाहेरून आलेलं, बाटलीत बंद असलेलं, वर इंग्रजी छापलेलं काहीही चांगलंच असणार असं वाटायचे ते दिवस होते. मलाही वाटायचं. मला तर जरा जास्तच.

दिवाळीच्या सुट्टीत औरंगाबादला गेलो, तेव्हा एका दुकानात काचेच्या टाक्यांत रंगीत मासे पाहिले. तिथंच ती बाटली मिळाली. दुकानदार म्हणाला, हिच्यात जिवंत जीवाणू आहेत. नव्या टाकीत ओता आणि दुसऱ्या दिवशी मासे सोडा. आता हे जीवाणू कशाला लागतात, तर — मासे पाण्यातच राहतात आणि पाण्यातच घाण करतात. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि नव्या पाण्यात तोच त्यांना मारतो. जुन्या पाण्यात मासे जगतात, कारण तिथल्या दगडांवर, भिंतीवर जो बुळबुळीत थर असतो, त्यात अमोनिया पचवणारे जीवाणू असतात. ते आपोआप जमायला महिना-महिना लागतो. बाटली हे काम एका दिवसात करते, असं दुकानदाराचं म्हणणं. बाटली त्याच्या फळीवर किती महिने उन्हात उभी होती, ते मी विचारलं नाही.

परत आल्यावर मुख्याध्यापकांना सांगितलं, डिसेंबरच्या विज्ञान प्रदर्शनात आपण हे मांडू. दोन सारख्या टाक्या, सारखं पाणी, सारखे मासे. एकीत बाटली, दुसरीत नाही. बाटलीतले जगतील, दुसरे मरतील. मुख्याध्यापकांनी ते संस्थेच्या अध्यक्षांच्या कानावर घातलं. अध्यक्ष म्हणजे मोठे जमीनदार, तालुक्याच्या राजकारणातलं वजनदार माणूस. त्यांनी नवा बंगला बांधला होता आणि दिवाणखान्यात अशी टाकी बसवायचं त्यांच्या मनात आलं. प्रयोग सुरू व्हायच्या आधीच त्याचं उत्तर मी सगळ्यांना सांगून बसलो होतो. बघा, असा मी विज्ञान शिक्षक.

प्रयोगाच्या नोंदी ठेवायला मी शिवकांताला निवडलं. नववीत होती. बाजारपेठेतल्या विश्वनाथअप्पांची मुलगी — त्यांचं किराणा दुकान, घरात शिवपूजा, गावात शब्दाला मान. शिवकांता फार बोलायची नाही. पण जे दिसेल ते दिसेल तसंच लिहायची. आकृती काढताना इतर मुली पुस्तकातलं फूल काढायच्या. ही समोरचं काढायची, पाकळीला किडीनं पाडलेल्या भोकासकट. असं मूल शिक्षकाला किती वेळा मिळतं? मला एकदाच मिळालं.

काचवाल्याकडून दोन टाक्या करून घेतल्या. पाणी दोन दिवस उघडं ठेवून मग भरलं. मासे आरोग्य केंद्राच्या हौदातून फुकट मिळाले — डासांच्या अळ्या खायला पाळतात ते गप्पी. एकेका टाकीत दहा. एका टाकीत मी बाटली ओतली, अर्धी नाही, अख्खी. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे आणि शिवकांताकडे, इतर कुणी आत यायचं नाही.

चौथ्या दिवशी दोन्हीकडे मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. पाचव्या दिवशी मरायला लागले. दोन्हीकडे. दहाव्या दिवशी बाटलीच्या टाकीत दोन उरले होते आणि साध्या टाकीत तीन. शिवकांतानं ते तसंच लिहिलं. खाली एक ओळ होती — ‘बाटलीमुळे फरक दिसला नाही.’ मेलेले मासे माझ्याच सांगण्यावरून ती फॉर्मॅलिनच्या बाटलीत ठेवत होती.

मग एका सकाळी ती जरा धावतच आली. म्हणाली, “सर, मी घरी एक करून बघितलंय. आमच्या म्हशीच्या हौदातले हिरवे दगड बरणीत टाकले, आन् आठ गप्पी सोडले. आठ दिस झाले. सगळे जिवंत हायेत.”

दुकानातली गोळ्यांची मोठी काचेची बरणी वडिलांनी तिला दिली होती.

हे बरोबर होतं. मला पुस्तकातून माहीत असलेलं तिनं स्वतःच्या डोक्यानं शोधून काढलं होतं — जीवाणू विकत आणायला नकोत, ते त्या बुळबुळीत दगडांवर बसलेले आहेत. चौदा वर्षांची मुलगी, म्हशीचा हौद. मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हणालो, बरणी शाळेत आण, बघू.

शनिवारी तिनं बरणी आणून ठेवली. सोमवारी प्रदर्शन होतं, अध्यक्ष येणार होते. अर्धी शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत एकटाच थांबलो. बाटलीच्या टाकीतलं पाणी जवळजवळ सगळं बदललं. शिवकांताचे आठही मासे जाळीनं काढून त्यात सोडले. आठ आणि दोन, दहा झाले. मग फॉर्मॅलिनमधून आठ मेलेले मासे काढले, दोनदा धुतले आणि तिच्या बरणीत टाकले.

मला आठवतं, मी जाळी नीट वाळत घातली होती.

सोमवारी सकाळी ती बरणीसमोर उभी राहिली. बराच वेळ. मग टाकीसमोर जाऊन वाकली. तोवर अध्यक्ष, मुख्याध्यापक, दहा-वीस पालक आत आले होते. विश्वनाथअप्पाही होते, पांढरी टोपी, कपाळावर भस्म. मी टाकी दाखवून सांगत होतो, दहाच्या दहा जिवंत. तेव्हा ती बोलली. आवाज चढवून नाही — वर्गात उत्तर द्यावं तसं.

“सर, हे माझे मासे हायेत. हा शेपूट फाटलेला, ह्याची मी वहीत नोंद केलीय. आन् बरणीतल्या माशांना औषधाचा वास येतोय.”

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. चुकून अदलाबदल झाली, एवढं जरी म्हणालो असतो. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला — हो, हात ठेवला — आणि हसून म्हणालो, “आपला प्रयोग फसला म्हणून असं खोटं बोलू नये बाळ. विज्ञानात हार पत्करता आली पाहिजे.”

लोक हसले. अध्यक्षही हसले. ती माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही. मला वाटतं, मी असं बोलेन हे तिला शेवटपर्यंत खरंच वाटेना.

विश्वनाथअप्पा पुढं आले. त्या माणसाला मी नंतर कितीदा बाजारात टाळलं. त्यांनी मुलीचा दंड धरला नाही, आवाज केला नाही. एवढंच म्हणाले, “सरांच्या पाया पड.” मग माझ्याकडे वळून, “आमच्यात खोटं बोलायची रीत न्हाई सर. पोरीचं चुकलं. तुमी मनावर घेऊ नका.”

ती पाया पडली. मी पडू दिलं.

तुम्हाला वाटेल, झालं, हाच तो कबुलीजबाब. मलाही पुष्कळ वर्षं असंच वाटायचं की एवढंच सांगायचंय. पण अजून आहे.

आमचा प्रयोग तालुक्याला पाठवायचं ठरलं. तिथं नोंदवही लागते, आणि शिवकांताच्या वहीत खरे आकडे होते. दुसरं कुणी लिहिलं असतं तर चाललं असतं. मीही लिहू शकलो असतो. पण तिचं अक्षर सुंदर होतं, आणि — खरं सांगायचं तर — तिनंच लिहिलं की ती पुन्हा कधी बोलू शकणार नाही, हे मला कळत होतं. मी नव्या कोऱ्या वहीसह तिला शिक्षक-खोलीत बसवलं. मी आकडे सांगत गेलो, ती लिहीत गेली. पहिला दिवस दहा, दुसरा दिवस दहा, पाचवा दिवस दहा. एकदाच थांबली. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही न्हाई सर, शाई. आणि पुढं लिहिलं. जुनी वही मी घरी नेऊन बंबात घातली.

टाकीतले ते दहा मासे बुधवारपर्यंत मेले होते. तालुक्याच्या दिवशी सकाळी मी आरोग्य केंद्रातून नवे आणले. दुसरा नंबर आला. फेब्रुवारीत मी कायम झालो. अध्यक्षांच्या बंगल्यात टाकी बसली; तीन वेळा सगळे मासे मेले, मग त्यांनी तिच्यात प्लास्टिकची फुलं ठेवली. मला कुणी काही विचारलं नाही.

लोक आता मला विचारतात — नातवंडांना टाकी घेतात, शेजारी घेतात — सर, ती जीवाणूंची बाटली खरंच उपयोगी पडते का? मी सांगतो, ताजी असेल, थंड जागेत ठेवलेली असेल, तर कधी पडतही असेल. पण कुणाच्या जुन्या टाकीतले थोडे दगड मिळाले तर तेच आणा, आणि सुरुवातीला मासे कमी सोडा. हे मी माझं म्हणून सांगतो. माझ्या त्या बाटलीत काही जिवंत होतं की नुसतं पाणी होतं, मला माहीत नाही. जिनं ते शोधलं असतं, तिला मी गप्प बसवलं होतं.

शिवकांता नंतर वर्गात हात वर करेनाशी झाली. आकृत्या पुस्तकातल्या काढायला लागली, अगदी हुबेहूब. दहावीला चांगले मार्क पडले. विश्वनाथअप्पा तिला बीडला ठेवून सायन्सला घालायला तयार होते. तीच नको म्हणाली. आर्ट्स केलं. पुढं चकलांब्याला दिली, कापड दुकानवाल्यांच्या घरात.

बारा-तेरा वर्षांनी ती मला गेवराईच्या बसस्टँडवर भेटली. भर दुपार होती. तिनंच ओळखलं, हाक मारली. घरच्यांचं, माझ्या तब्येतीचं विचारून झालं. तिनं चहा सांगितला. मग पदर बोटांत धरून म्हणाली, “सर, एक लई दिवस मनात हाय. त्या माशांच्या टायमाला मी तुमच्यावर भलताच आळ घेतला होता. मला तवा खरंच तसं दिसलं होतं. पण नंतर विचार केला, सर कशापायी असं करतील? लहानपणी काहीबाही दिसतंच माणसाला. आजपण मला माझ्या डोळ्यांचा भरवसा वाटत न्हाई, घरात एखादी गोष्ट दोनदोनदा बघून घेते. तुमी मला माफ केलं का, तेवढं सांगा.”

स्टँडवर आमच्याजवळ कुणी नव्हतं. अध्यक्ष वारले होते. मी कायम होतो. मला कुणाचीच भीती नव्हती.

मी म्हणालो, “अगं, लहान होतीस. मी ते कधीच मनावर घेतलं नव्हतं.”

तिचे डोळे भरून आले. लई बरं वाटलं सर, म्हणाली, आणि पिशव्या उचलून गाडीत जाऊन बसली. खिडकीतून हसली. गाडी सुटायला अजून दहा मिनिटं होती. मी खाली उभा राहून चहा संपवला.

त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. चकलांबा इथून तासाभरावर आहे. मी गेलेलो नाही.