दीड फुटाचं जोतं

घराचं जोतं रस्त्यापासून किती उंच घ्यायचं, असं मिस्त्रीनं विचारलं तेव्हा मी दीड फूट म्हणालो आणि कारण म्हणून आईचे गुडघे पुढे केले. खरं कारण एक पिवळी गाडी होती. ती अजून माझी झालीही नव्हती. चंद्रपुरात एका बंगल्यामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती, आणि तिच्या सोयीसाठी माझं कुटुंब किती खाली राहील हे मी इकडे चामोर्शीत ठरवत होतो.

आमचा प्लॉट म्हणजे पूर्वीची धानाची बांधी, भाताचं खाचर. मागे तलाव आहे. पाऊस जास्त झाला की सांडव्याचं पाणी जुन्या वाटेनं याच बांध्यांमधून उतरतं. इथे प्लॉट पडले, रस्ते झाले, पण पाण्याला ते कोणी कळवलेलं नाही. म्हणून त्या लेआउटमध्ये ज्यानं त्यानं चार फूट जोतं घेतलेलं आहे. रस्त्यावरून पाहिलं तर सगळी घरं पाय वर घेऊन बसल्यासारखी दिसतात.

माझ्या बायकोलाही चार फूटच हवं होतं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिचं माहेर वैनगंगेच्या काठचं. पूर आला की धानाची पोती माळ्यावर कशी चढवत, हे मी तिच्याकडून कितीदा तरी ऐकलंय. लग्नानंतर आम्ही भाड्याच्या खोल्यांत राहिलो, तिथेही पाणी आत शिरायचं. एकदा मी दुकानाचा माल आणायला नागपूरला गेलो होतो. ती मुलीला मांडीवर घेऊन खाटेवर बसून होती आणि खाली आमच्या चपला तरंगत होत्या. तेव्हापासून पाऊस लागला की तिला झोप येत नाही. उठून दाराची फट बघते, पडते, पुन्हा उठते. घरासाठी तिनं स्वतःच्या पगारावर कर्ज काढलं ते पावसात निवांत झोपता यावं म्हणून. तिनं हे कधी असं बोलून दाखवलं नाही, पण मला माहीत होतं. माहीत असून मी दीड फूट म्हणालो.

गाड्यांचं वेड जुनं. आयटीआय झाल्यावर मी काही वर्षं नागपूरला एका वर्कशॉपमध्ये होतो. तिथे एकदा दोन दारांची बुटकी स्पोर्ट्स कार सर्व्हिसिंगला आली. ती धुऊन आत लावायचं काम माझ्याकडे आलं. सीटवर बसलो तर जमिनीवरच बसल्यासारखं वाटलं. किल्ली फिरवली आणि आवाज पाठीतून वर चढला. चालवली ती गेटापासून रॅम्पपर्यंतच. पुढे चामोर्शीला येऊन ट्रॅक्टर आणि मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं, लग्न झालं, मुलगी झाली, पण तो आवाज काही पाठीतून गेला नाही. गिऱ्हाईक नसलं की मी मोबाइलवर त्याच गाड्या बघत बसतो. शेजारच्या दुकानातला माझा मित्र म्हणायचा, "ते गाडी इथी आणशीन त जेसीबी पन सोबत घेऊन ये. ट्रकच्या एका खड्ड्यात आख्खी मावते ते." लोहखनिजाचे ट्रक चालून आमच्या रस्त्यांची जी दशा झाली आहे, ती पाहता त्याचं चुकीचं नव्हतं. मी हसायचो. मनात मात्र मुलचेऱ्याकडचा, जंगलातून जाणारा एक सरळ तुकडा हेरून ठेवला होता.

इकडे घराचे खड्डे खोदले गेले आणि त्याच सुमारास ती पिवळी गाडी विकायला निघाल्याचं कळलं. मालकाचा मुलगा परदेशात स्थिरावला होता आणि वडिलांना शेड मोकळं करायचं होतं. गाडी जुनी होती, त्यामुळे माझ्या आवाक्याच्या जराशीच बाहेर होती. मी बयाणा देऊन आलो. घरी बोललो नाही.

येताना गाडीच्या पोटाखालची उंची मात्र मोजून आणली. वीतभरही नव्हती. आमच्या गेटापासून घरापर्यंत जागा थोडी. चार फूट चढायला जो उतार करावा लागला असता, त्यावर आधी गाडीचं नाक टेकलं असतं आणि मग पोट. मी फळ्या लावून पाहिलं. दीड फुटाला जमत होतं. पोर्च तेवढा रस्त्याच्या पातळीला ठेवून घर वर घ्यावं, हे मला सुचलं नाही असंही नाही. पण मग पावसाळ्यात गाडीत पाणी शिरलं असतं. गाडीत पाणी शिरेल याची मला भीती वाटली. घरात शिरेल, हा विचारही आला होता, पण त्याला मी 'एवढं काही येत नाही' म्हणून बाजूला सारलं. वरून मुरूम कमी लागेल, पायऱ्या कमी लागतील, वाचलेला पैसा गाडीकडे वळवता येईल, याचा आनंदही होता.

"आईले रोज तेवढ्या पायऱ्या कशा जमन?" मी बायकोला म्हणालो.

"अन् पाणी आलं त?"

"नाली बांधून राह्यले ना आता. नाई येत."

सासूच्या गुडघ्यांपुढे सून काय बोलणार? मी जिंकलो.

त्यानंतर आईनं मला शिक्षा दिली, तिला ठाऊक नसताना. भेटेल त्याला ती सांगत सुटली, "माह्या गुडघ्यासाठी पोरानं घर खाली घेतलं. नाई त आजकालचे पोरं मायले वरच्या माळ्यावर टाकतेत." आठवडी बाजारात भाजीवाल्या बाईला सांगितलं. ती मला म्हणाली, "भाऊ, तुमच्यासारखा पोरगा देवानं सगळ्यायले द्यावा," आणि पिशवीत मूठभर कोथिंबीर फुकट टाकली. त्या दिवशी ती कोथिंबीर भाजीवर पाहून मला जेवण गेलं नाही. आईनं विचारलं, "काऊन रे, तब्येत ठीक नाई का?" मी हो म्हणालो. म्हणजे तेही खोटंच.

जोत्याच्या बीमचं सेंट्रिंग लागलं. काँक्रीट पडायचं तेवढं राहिलं, आणि महाशिवरात्रीची, वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या देवळाची जत्रा आली. मजूर म्हणाले, आता जत्रा झाल्यावर. दुकान बंद ठेवून आम्ही चौघंही गेलो.

गर्दी नेहमीसारखीच होती. आई वाळू तुडवत माझ्या पुढे चालली होती. पायऱ्या आल्या तशी ती एका हातानं लुगडं सावरून चढायला लागली. मी म्हणालो, "हळू आई, गुडघे दुखतीन." ती वळून म्हणाली, "दुखू दे. रोजच दुखतेत. त्यायच्यासाठी काय जगणं सोडू?"

दर्शन झाल्यावर आम्ही नदीच्या वाळूत डबा उघडून बसलो. बायको आणि मुलगी बांगड्यांच्या दुकानाकडे गेल्या. आई जरा सरकून माझ्याजवळ आली.

"बाबू, एक बोलू? रागावशीन नाई ना?"

"बोल."

"जोतं वर घे. येवढे दिवस मी बोलली नाई. तू माह्यासाठी हौसेनं केलं, मंग मी कशी मोडू? पन सूनबाईले पाण्याचं भेव आहे रे. तिचं तोंड पाह्यलं का मले घास गिळत नाई. माह्यं काय, मी बसत बसत चढीन."

मला त्या क्षणी सुटायची सोपी वाट दिसली. 'ठीक आहे आई, तू म्हणतेस तर' एवढं म्हटलं असतं की झालं असतं. घरही वर गेलं असतं आणि मी गुणी मुलगाही राहिलो असतो. आणि खरं सांगायचं तर मी तेच म्हणणार होतो. तेवढ्यात बायको परत आली. आईनं तिला हात धरून बसवलं आणि सांगितलं, "मी त्याले बोलली. आता जोतं चार फूटच घेईन तो."

बायकोनं आधी आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून ती हळूच म्हणाली, "तुमी आईसाठी केलं अन् मी मनात लई वाईट बोलली तुमाले. माफ करा जी."

तिनं माफी मागितल्यावर माझ्याच्यानं पुढे राहवेना. मी म्हणालो, "आईसाठी नाई केलं. गाडीसाठी केलं."

"कोनती गाडी?"

मोबाइलवरचा फोटो काढून मी मध्ये वाळूवर ठेवला आणि सगळं सांगितलं. बयाणा, फळ्या, वीतभर उंची, गुडघे. मुलीनं फोन उचलून फोटो मोठा करून पाहिला. "बाबा, याले मांगची सीटच नाई."

"दोघंच बसतेत," मी म्हणालो.

"मंग आजी अन् मी ऑटोनं येऊ का?"

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "गाडीले कोरडी ठेवाले आमाले खाली ठेवलं तुमी?"

मी मुलीच्या हातातून फोन घेऊन खिशात घातला.

आईला समजायला जरा वेळ लागला. समजलं तसा तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला. शेजारी डबा खात बसलेली माणसं वळून बघायला लागली. "अन् मी भर बाजारात सांगत फिरली! त्या भाजीवालीले आता काय सांगू, कोथिंबीर वापस घे म्हणू?" दुसरा धपाटा घालायला हात उचलला, आणि तो तसाच वर ठेवून ती हसायला लागली. मुलगीही हसली. बायको हसली नाही. तरी परतताना, गच्च भरलेल्या ऑटोत कोणाचा तरी कोपर बरगडीत घेऊन बसलेलो असताना, कितीतरी दिवसांनी मला पोटभर श्वास आला.

सकाळी ती माझ्याआधी प्लॉटवर पोचली होती. शाळेतला खडू आणला होता. मिस्त्रीसमोर खांबावर तिनं रेघ मारली. "चार फूट. पोर्च रस्त्याच्या लेव्हलले. पायऱ्या ठेंगण्या अन् रुंद करा, दोन्ही बाजूनं धराले दांडा लावा." मिस्त्रीनं रेघ पाहिली, मग मला. "काय भाऊ, जत्रेत आईचे गुडघे बरे झाले वाटते?"

"झाले," मी म्हणालो.

"मार्कंडदेव पावला म्हना." आणि त्यानं सेंट्रिंग उकलायला लावलं.

गाडीबद्दल बायको काही दिवसांनी आपणहून बोलली. भाजी निवडत होती. "मी गाडी घेऊ नका म्हणत नाई. घर होऊ द्या, हप्ते हलके होऊ द्या. मंग घ्या. पन चौघं बसतीन अशी पाहा, अन् खोटं बोलून आणू नका." मी मान हलवली. रागापेक्षा हे सोपं असेल असं वाटलं होतं. पण एवढं साधं होतं तर मी आधीच का बोललो नाही, हे तेव्हापासून मला जास्त लागतं.

मी चंद्रपूरला जाऊन व्यवहार मोडला. मालकांनी बयाण्यातला काही भाग ठेवून घेतला, ते रास्तच होतं. मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "एक चक्कर तर मारा." मारली. गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. पहिल्याच गतिरोधकावर गाडीचं पोट करकरलं, तरी मजा आली. खोटं कशाला सांगू, खूप मजा आली. उतरताना कंबर धरून बाहेर यावं लागलं आणि मालकांनी हात दिला. बसमध्ये बसलो तेव्हा वाईट वाटत होतं. वाटेतलं मूल नावाचं गाव येईपर्यंत ते बरंचसं निवळलं, आणि नंतर मला झोप लागली.

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही राहायला आलो. रंग व्हायचा होता, खिडक्यांना पडदे नव्हते. ऑगस्टात एकदा झड लागली आणि तलावाचा सांडवा वाहायला लागला. रविवार होता. दुपारी जेवणं झाली आणि पाणी रस्त्यावरून आमच्या पोर्चमध्ये शिरलं. खालच्या दोन पायऱ्या बुडाल्या, आणि पाणी तिथेच थांबलं. त्याच्याबरोबर तलावातल्या बारीक मासोळ्या आल्या. शेजारची पोरं टोपली घेऊन धावली. आई दांडा धरून उतरली आणि पायरीवर बसून त्यांना हुकूम सोडायला लागली, "अरे तिकडून घेर ना! तिकडून! पाय नको आपटू, पळतेत त्या!" माझी मुलगी गुडघाभर पाण्यात नुसती किंचाळत होती.

मला बायकोची काळजी वाटली. ती आत दाराशी उभी असेल, फट बघत असेल, असं वाटून मी आत गेलो. दाराशी ती नव्हती. पुढच्या खोलीत, पडदे नसलेल्या खिडकीखाली, उजेडात ती चटईवर आडवी पडली होती. बाहेर पाऊस कोसळत होता, पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता, आणि ती तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपली होती.

मी परत बाहेर आलो आणि पोरांना म्हणालो, "मासे धरा, पन हळू आवाजात धरा."

"मासे धरताना कोनी हळू बोलते का?" आई म्हणाली, पण तिनंही आवाज खाली आणला.