उरलेली वीस मिनिटं

दुपारचे तीन पंचवीस झालेत. ओपीडी एक वाजताच संपली, केसपेपरची खिडकी बंद झाली, आणि इंजेक्शन रूममधल्या तपासणीच्या टेबलावर कुंदा सोनकांबळे जरा पाठ टेकते. वय पंचावन्न, तालुक्याच्या या सरकारी दवाखान्यातली सगळ्यांत जुनी सिस्टर. तीस वर्षांत ड्यूटीवर हिनं कधी जांभईसुद्धा दिली नाही, आणि दुसऱ्या कुणी दिली तर तिची खैर नसे. तीच बाई आज भरदुपारी पेशंटच्या टेबलावर आडवी होते, यावरून काय ते ओळखावं. चारला चौकशी समिती बसणार आहे. खिशात जबाबाचा कागद आहे, घडी घातलेला, सही तेवढी बाकी. पाच मिनिटं डोळे मिटू, असं ती स्वतःला सांगते.

पंखा कुरकुरतोय. स्पिरिटचा वास लांब जातो, मग अगदी नाकाशी येतो. हात जड होतात. आणि बाहेरच्या बाकावरून कुणीतरी विचारतं,

"बाई, झाला का वो अर्धा तास?"

"झाला की बोलावते. बोलावल्याशिवाय उठायचं नाही," कुंदा म्हणते. हे वाक्य तिनं जन्मात इतक्यांदा म्हटलंय की त्यासाठी तिला जागं असावं लागत नाही. म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात येतं की हा आवाज गयाबाईचा आहे. गयाबाईला जाऊन वीस दिवस झाले. ती बोटांवर मोजते. वीस नाही, एकवीस.

आता गयाबाई कोण ते सांगायला हवं. तांबेवाडीची गयाबाई ढवळे, पस्तिशीची. लहानपणी सांध्यांचा ताप हृदयात उतरला, म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. चार वर्षांत पठ्ठीनं एक तारीख चुकवली नाही. पेनिसिलिन एखाद्याला कधी अचानक बाधतं, म्हणून दर वेळी आधी हातावर थेंबभर टोचून बघायचं, त्याभोवती बॉलपेननं गोल काढायचा आणि पेशंटला अर्धा तास बाकावर बसवायचं. गोलात लाली आली, सूज आली, तर इंजेक्शन नाही. गोलाशेजारी वेळ लिहायची शिस्त मात्र कुंदाची स्वतःची. नव्या सिस्टरांना ती ठणकावून सांगायची, वही खोटं बोलेल, पेशंटचा हात बोलणार नाही.

त्या दिवशी तिनं अकरा पाचला गोल काढला. अकरा पंधराला गयाबाई दारात हजर. साडेअकराची एसटी गेली की थेट चारला, घरी गाय आज-उद्या व्यायची, चार वर्षं घेतेय की मी, द्या आता. कुंदानं गोल बघितला. कडेला जरा गुलाबी होतं. पण उन्हाळ्यात कुणाचा हात गुलाबी नसतो? इंजेक्शन भरून उभी होती मालन गवळी, कंत्राटी सिस्टर. तिनं हातावरची वेळ वाचली आणि म्हणाली, "ताई, दहाच मिनिटं झालीत." कुंदा म्हणाली, "दे गं. बस जाईल तिची." दयेपोटीच म्हणाली, यात खोट नाही. गयाबाई दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोचली आणि तिथंच कोसळली. डॉक्टर धावले, करायचं ते सगळं केलं, पण ती काही परतली नाही.

इथवर असतं तर ती चूक होती. पण त्या धावपळीत स्ट्रेचरजवळ कुंदा मिनिटभर एकटी राहिली, आणि तेवढ्या मिनिटात तिनं स्पिरिटच्या बोळ्यानं गयाबाईच्या हातावरचा गोल पुसून टाकला, वेळेसकट. टेस्ट वहीत चढवायची होती, ती चढवलीच नाही. वहीत उरली ती इंजेक्शनपुढची एकट्या मालनची सही. आणि खिशातल्या जबाबात लिहिलंय की मी ड्रेसिंगला गेले होते, मालन गवळी यांनी टेस्ट न करता परस्पर इंजेक्शन दिलं. पेन्शनला तीन वर्षं उरलीत. कुंदा घाबरली, दुसरं काही नाही. मालनची नोकरी जाईल, कदाचित पोलीसही तिच्या दारात येतील, हे तिला पुरतं ठाऊक आहे.

"बाई," बाहेरून पुन्हा हाक येते. "माजा गोल कुठं गेला वो?"

कुंदा दारात उभी आहे. कधी उठली ते तिला आठवत नाही. व्हरांड्यातला बाक रोजचाच आहे, हिरवा रंग उडालेला, फक्त तो आज संपत नाही. पार एक्स-रेच्या खोलीपलीकडे गेलाय. अलीकडच्या टोकाला गयाबाई बसलीय, मांडीवर पिशवी, पिशवीवर तारखांचं कार्ड. डावा हात तिनं उताणा करून पुढे धरलाय. हात स्वच्छ आहे, नको इतका स्वच्छ.

"गयाबाई, तू कशी आलीस?"

"आज तारीक हाय की माजी."

"अगं पण तू..."

"म्हाईत हाय मला," गयाबाई समजुतीनं म्हणते, जणू मेली आहे ती कुंदा आणि हिनं ते जरा सांभाळून घ्यायचंय. "त्या दिशी धाच मिन्टं बसले व्हते. ईस ऱ्हायली. ती भरायला आले."

"आणि बस?"

"येष्टी गेली, बाई. आता मला घाई न्हाई."

कुंदा तिच्या शेजारी बसते आणि बाक हलायला लागतो. समोरच्या लसीकरणाच्या तक्त्याच्या जागी खिडकी आहे, खिडकीबाहेर बाभळी मागे पळतायत. तांबेवाडीचा फाटा येतो. गोठ्याशी गाय उभी आहे, तिचं वासरू कुणीतरी पुसतंय. गयाबाई मान वळवून वळवून बघते, गोठा दिसेनासा होईपर्यंत.

"पाडी झाली," ती म्हणते. "मी न्हवते."

कुंदाला रडू फुटतं. ती तोंड धुवायला उठते. नळ तिच्याच क्वार्टरमधल्या मोरीचा आहे, तिच्याच घरची स्टीलची बादली खाली आहे. ती नळ सोडते, ओंजळ भरते आणि ओंजळीतून स्पिरिटचा वास येतो. बादलीत पांढरे बोळे तरंगतायत. प्रत्येकावर निळा डाग आहे.

"पुसलं तरी कुटंतरी ऱ्हातंयच की," मागून गयाबाई म्हणते. आवाजात राग नाही. राग असता तर कुंदाला बरं वाटलं असतं.

आता पुन्हा व्हरांडा. बाकाच्या त्या टोकाला कुणीतरी मान खाली घालून बसलंय. अंगात दवाखान्याचा गणवेश, पायांत जुन्या चपला. कुंदा चपलांवरून ओळखते.

"मालन? ही इथं काय करतेय?"

"तुमीच बसवली न्हवं का?"

"मी कशाला बसवू?"

"कागदावर नाव लिवून," गयाबाई म्हणते.

"अगं ती जिवंत आहे!"

"व्हय," गयाबाई तिकडे बघत म्हणते. "अजून हाय."

गेले आठ दिवस मालन दवाखान्यात कुणाशी बोलत नाही, डबा उघडत नाही, नुसती औषधांच्या कपाटासमोर उभी असते. सगळ्यांनी ते बघितलंय. सगळ्यांनी म्हणजे कुंदानंही. ती हाक मारते, "मालन, इकडे ये!" पण मालन मान वर करत नाही. तिनं बाही वर सारलीय, आणि ती पेन शोधतेय, स्वतःच्या हातावर गोल काढायला.

"तिला नेऊ नकोस, गयाबाई. पाया पडते तुझ्या."

"म्या कशाला न्हेऊ? मला तिचा काय राग? पर तुमचा कागद तिला माज्याच बाकावर आनून बसवतोय. तिला बसवा न्हाईतर उठवा, ते तुमच्या हातात हाय." गयाबाई पिशवी खाली ठेवते आणि कुंदाच्या खिशाला लावलेलं बॉलपेन काढून घेते. "हात द्या बगू."

"तुला लिहिता कुठं येतं? कार्डावर अंगठा देतेस तू."

"चार वर्सं बगतेय की तुमचं. येवडं येनारच."

तिची बोटं कोमट आहेत, आणि त्यामुळंच कुंदाला जास्त भीती वाटते. गयाबाई तिचा उजवा हात धरते, कोपराखाली. आधी बारीकसं टोचतं. मग पेन फिरतं, सावकाश, एक टोक दुसऱ्या टोकाला मिळेपर्यंत.

"आता बसा. बोलावल्याबिगर उटायचं न्हाई."

"किती वेळ?"

"ईस मिन्टं. माजीच हायत, पर तुमी बसा."

दोघी बसतात. कुठंतरी केसपेपरच्या खिडकीवर नावं पुकारली जातायत, आणि कुंदाला एकाही नावाचा अर्थ लागत नाही. शेवटी गयाबाई वाकून तिच्या हाताकडे बघते, अगदी कुंदा पेशंटच्या हाताकडे बघते तशी, डोळे बारीक करून.

"बाई," ती म्हणते, "लाल व्हतंय."

कुंदा ताडकन उठून बसते. पंखा कुरकुरतोय. टेबलावरचं रेक्झिन तिच्या घामानं ओलं झालंय. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार. बरोबर वीस मिनिटं. स्वप्न पडलं एवढंच, असं ती मोठ्यांदा म्हणते, चष्मा शोधायला हात पुढे करते आणि हात तसाच राहतो.

उजव्या हातावर, कोपराखाली, निळ्या बॉलपेननं गोल काढलेला आहे. शेजारी ११.०५. पाचाचं शेपूट जरा लांब ओढलेलं, अगदी तिच्याच वळणाचं अक्षर. पण ती लिहिते उजव्या हातानं. डाव्या हातानं तिला चमच्यातलं पातळ औषधसुद्धा नीट ओतता येत नाही. गोलाच्या आत कातडी लाल झालीय, किंचित फुगलीय.

तिच्या हातांना विचार करावा लागत नाही. डावा हात बरणीतून बोळा काढतो, स्पिरिटमध्ये बुडवतो, पिळतो आणि गोलापासून बोटभर अंतरावर थांबतो. एका फटक्यात निघेल हे तिला माहीत आहे. त्या दिवशीही एका फटक्यातच निघालं होतं, इतकं सहज की तेच तिला गेले एकवीस दिवस झोपू देत नाही. बोळ्यातून एक थेंब जमिनीवर पडतो. कुंदा बोळा बादलीत टाकते. मग खिशातला जबाब काढते, त्याचे चार तुकडे करते आणि तेही बादलीत टाकते. पेन्शनचा विचार येतो, नाही असं नाही.

ती बाहेर पडते. उजवा हात अंगापासून लांब धरलाय, घामानं गोल पुसला जाऊ नये म्हणून. व्हरांड्यात दुपारची सामसूम आहे. बाक रोजच्याएवढाच आहे, आणि त्याच्या टोकाला मालन बसलीय, मान खाली, पायांत त्याच जुन्या चपला. मांडीवर पर्स आवळून धरलीय, दोन्ही हातांनी.

"ताई," ती वर न बघताच विचारते, "आधी मला बोलावतील का तुम्हाला?"

कुंदा हात तिच्यासमोर धरते. मालन बघते. गोल बघते, वेळ वाचते, मग पुन्हा वाचते. ही वेळ तिनं आणखी एका हातावर वाचलीय, आणि ते खरं होतं हे सांगणारं एकवीस दिवसांत कुणी भेटलं नव्हतं.

"आधी मी जाते," कुंदा म्हणते. "तू ऊठ. पहिल्यांदा त्या बाकावरून ऊठ."