एका शेअरचे भागधारक

"कायदा विचारतो तेवढंच सांगायचं. जास्त बोललो की शेजारी ऐकतो," असं म्हणत साहेब मी टाइप केलेल्या वार्षिक अहवालाच्या मसुद्यावर तांबड्या पेनाने रेघ ओढायचे. साहेब आमच्या पंप कंपनीचे अकाउंट्सप्रमुख. शेजारी म्हणजे हडपसरची दुसरी पंप कंपनी.

असा हातचं राखून बोलणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पण आमच्या साहेबांनी शेजाऱ्याचा एक शेअर घेऊन ठेवला होता. एकच! भागधारक झालं की वार्षिक अहवाल घरपोच येतो ना. कर्वेनगरच्या घरी पाकीट आलं की साहेब जेवण विसरायचे, असं त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, सांगत. गंमत म्हणजे तिकडच्या अकाउंट्सप्रमुखांनीही आमचा एकच शेअर घेतला होता. दोघे एकमेकांच्या सभेत पुढे बसून खोचक प्रश्न विचारत आणि नंतर एकत्र चहा पीत.

बाजार खुला झाला, परदेशी पंप आले, चढाओढ वाढली. त्यातच आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक शेजाऱ्याने पळवलं. हे अहवालात लिहायची सक्ती नव्हती. तरी साहेब म्हणाले, "लिहा, बाई."

"पण शेजारी ऐकेल ना?"

"अहो, गिऱ्हाईक त्यांनीच नेलंय, त्यांना काय नवीन? माहीत नाही ते आपल्या भागधारकांना. पैसे त्यांचे आणि अंधारात तेच!"

मालक भडकले. "भागधारक बिथरले तर तुम्ही घरी बसाल."

"बसेन. गॅलरीत ऊन छान येतं."

तरी तो मजकूर छापला गेला. सभेत आरडाओरडाही झाला. मग एक आजोबा उठले. "वाईट बातमी आपणहून सांगणारी कंपनी पहिल्यांदाच पाहतोय. मी काही शेअर विकत नाही." टाळ्या पडल्या आणि साहेबांची नोकरी वाचली.

पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या अहवालातही गेलेल्या गिऱ्हाइकांवर एक परिच्छेद आला. साहेबांनी तो मला दोनदा वाचून दाखवला. "बघा, आता त्यांनाही गप्प बसणं परवडेना!"

निवृत्तीनंतर काही वर्षांनी साहेब गेले. मी वहिनींना भेटायला गेले तेव्हा हडपसरचे ते अकाउंट्सप्रमुख आधीच येऊन बसले होते, हातात त्यांच्या कंपनीचा नवा अहवाल घेऊन.

"यंदा बरंच मोकळेपणाने लिहिलंय," ते वहिनींना म्हणाले. "यांना चुका काढायला आवडायचं, म्हणून घेऊन आलो."

वहिनींनी अहवाल फोटोपुढे ठेवला. मग आत जाऊन तांबडं पेन घेऊन आल्या आणि त्यावर ठेवलं.